सदतीस लिटरांची लाईन

आमच्या घरात सातबाऱ्यावरून जेवढी भांडणं झाली नसतील तेवढी दुधाच्या लाईनीवरून झाली. जमीन निदान तलाठ्याच्या दप्तरात तरी होती. लाईन कुठल्याच दप्तरात नव्हती. ती होती उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एकोणतीस घरांच्या दारांवर आणि माझ्या काकाच्या पायांत.

लाईन म्हणजे रतीबाची घरं. कोणी कुठल्या गल्लीत, कुठल्या बराकीत, किती माप दूध घालायचं याची वर्षानुवर्षं ठरून गेलेली वाट. बाहेरच्या माणसाला वाटतं, दूधवाल्याची मिळकत म्हणजे त्याच्या म्हशी. म्हैस काय, आज आहे उद्या आटते. चार महिने भाकड राहते, पावसाळ्यात पान्हा चोरते, कधी पारडू मेलं की लाथा घालते. लाईन मात्र बारा महिने दूध मागते. म्हणून आमच्याकडं म्हशीची किंमत वेगळी आणि लाईनीची वेगळी. लाईन विकली जायची, गहाण पडायची, सोयरिकीतही मोजली जायची. ‘पोराची चाळीस लिटरांची लाईन हाय’ असं सांगितलं की मुलीचा बाप जमिनीबद्दल फार खोदून विचारत नसे.

आमचं गाव उल्हास नदीच्या काठी, बदलापूर स्टेशनपासून चालत पाऊण तासावर. माझा आजा भात पिकवायचा आणि दारात दोन म्हशी. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पण आमच्या गावात आजतागायत तिला ‘कॅम्प’च म्हणतात. घरदार सोडून आलेली माणसं, लहान पोरं, आणि दुधाची ओढ. आजा कावडीला दोन पितळी हंडे बांधून पहाटे तीनला निघायचा तो अंबरनाथच्या देवळाच्या बाजूनं, वालधुनी ओलांडून कॅम्पात. पहिल्या दिवशी एका बाईनं बराकीच्या दारातून हाक मारली, “खीर! खीर!” आजा उभाच राहिला. हिला खीर कुठून देऊ, मी काय आचारी आहे? मग कोणीतरी सांगितलं, सिंधीत दुधालाच खीर म्हणतात. हा किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो आजाबरोबर घडला की आजानं कुठं ऐकला, हे आता कोणी विचारत नाही.

आजाला लिहिता येत नव्हतं. दाराच्या चौकटीवर तो खडूनं रेघ ओढायचा, महिनाअखेरीस रेघा मोजून पैसे. त्याच्या हयातीतच शेर जाऊन लिटर आले. तो हिशेब त्याला शेवटपर्यंत पटला नाही, पण धंदा वाढला. कावडीच्या जागी सायकल आली, सायकलच्या दोन बाजूंना दोन कॅन. आजा १९६४ साली गेला तेव्हा लाईन सदतीस लिटरांची होती. दूध घालायला काका जायचा. बाबा थोरले, ते म्हशी बघायचे: धार, पेंढा, पेंड, व्यायला आलेल्या म्हशीपाशी रात्रभर बसणं. एकाचे हात गोठ्यात, एकाचे पाय कॅम्पात, आणि चूल एक. तोवर लाईन कोणाची हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही.

१९६८ साली भाऊ वेगळे झाले. कारण लिहीत नाही. दोन सुना आणि एक पाणवठा असला की कारण लागत नाही. पंच बसले. जमीन गुंठ्यागुंठ्यानं वाटली. आठ म्हशी, चार-चार. भांडी मोजली, अगदी धार काढायची चरवीसुद्धा. मग लाईन आली. पंचांपैकी एक म्हातारा म्हणाला, “ज्याचे पायाला सवय त्याची लाईन.” म्हणजे काकाची. बदल्यात बाबांना नदीकडचं एक खाचर जास्त.

बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. पण महिन्याभरात काय झालं ते कळायला मला पुढं कॉलेजात जावं लागलं. बाबांकडं दूध होतं आणि दारं नव्हती. काकाकडं दारं होती आणि पुरेसं दूध नव्हतं. सरळ मार्ग असा की काकानं बाबांचं दूध घ्यावं. पण दोघांपैकी पहिल्यांदा विचारायचं कोणी? काकानं कल्याणच्या बाजूच्या एका तबेल्याचं दूध धरलं. बाबा आपलं दूध सडकेवर येणाऱ्या गाडीला घालू लागले. गाडीवाला फॅट काढायचा, आणि आमच्या म्हशीच्या दुधाची फॅट दर पंधरवड्याला कशी काय खाली जायची हे तोच जाणे. दाराशी मिळणारा भाव आणि गाडीवर मिळणारा भाव यांत तिसरा हिस्सा कमी. नदीकडचं ते खाचर वर्षाला जेवढं भात द्यायचं, तेवढे पैसे बाबा चार महिन्यांत गाडीवर हरवायचे. दोघे भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मधे फक्त एक कुड होता, रात्री खोकल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा.

तुम्ही म्हणाल, ही कसली मालमत्ता, जिचा कागद नाही. पण कागद असलेली व्यवस्थाही आम्ही ऐकून होतो. मुंबईतले तबेले शहराबाहेर काढायचे म्हणून १९४९ पासून गोरेगावला आरेची वसाहत उभी राहिली होती. दारा खुरोडी यांचं ते काम. तिथं म्हशी ठेवायच्या तर परवाना, आणि दूध सरकारी योजनेला. मुंबईतल्या माणसांना त्या योजनेच्या दुधासाठी कार्ड असायचं. पुढं १९७६ साली शहरी भागात गुरं पाळायची तर परवाना हवा असा कायदाच झाला. बाबा एकदा आरे बघून आले होते. आल्यावर म्हणाले, “तिथं म्हशीला कागद हाय. आपल्याकडं नुसता शब्द.” त्यांना त्यातलं कुठलं बरं वाटत होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

१९७५ च्या श्रावणात काकाला कावीळ झाली. आठ दिवसांत गेला. चाळिशी गाठली नव्हती. काकीच्या पदरात तीन पोरं, थोरला अकरा वर्षांचा. बाबा ओटीवर आले आणि सात वर्षांनी पहिल्यांदा भावाच्या घराचा उंबरा ओलांडला. रडले नाहीत. गोठ्यात गेले आणि काकाच्या म्हशींच्या धारा काढायला बसले.

दूध काढलं, पण घालणार कोण? गावातलाच एक जण पुढं आला. त्याची स्वतःची लाईन कॅम्पातच, काकाच्या लाईनीला लागून होती. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं माझ्या ओळखीची आहेत आणि भली आहेत. तो म्हणाला, “बाय, तू काळजी नको करू. सुतक फिटस्तवर मी सांभाळतो.” सुतक फिटलं. महिना झाला. काकीनं निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं: तुझ्या नवऱ्यानं माझ्याकडून पेंड उधार नेली होती, सहाशे रुपयांची. लाईन त्यात आली.

सहाशे रुपये खरे होते की खोटे, हे आजही मला माहीत नाही. काका उधारी करायचा, हे खरं. पण सदतीस लिटरांची लाईन सहाशेला कोणी देत नसे. काकी आमच्या ओटीवर आली, बाबांसमोर पदर घेऊन उभी राहिली. म्हणाली, “भावजी, माजे दारान गवत उगवला तरी चालंल. पन ती लाईन माजे पोरांची हाय.”

इथं माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. मी तेव्हा अठराचा. कॅम्पातल्या कॉलेजात नाव घातलं होतं. काकी बोलत असताना माझ्या मनात एकच आलं: आता ही लाईन आपल्याकडं येईल. आजाची होती, थोरल्या मुलाकडं परत येईल, न्यायच आहे. मला वाटतं आईच्याही मनात तेच होतं, कारण ती चहा ठेवायला लगबगीनं उठली.

बाबांनी दिवाळीनंतर मारुतीच्या देवळात सगळ्या दूधवाल्यांना बसवलं. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतले मिळून वीसेक जण. कोणी स्टेशनवरून लगेजच्या डब्यातून मुंबईकडं जाणारे, कोणी सायकलवर अंबरनाथ-उल्हासनगरला. लिहायला मी. शंभर पानी वही, निळी शाई. बाबांनी सुरुवातीलाच सांगितलं, “मी माजे भावजयीचा न्याव मागायला बसलो नाय. तो नंतर. आदी लाईन कशी देयाची-घेयाची ते ठरवा. उद्या तुमच्यातला कोन जाईल.”

त्या रात्री जे बोलणं झालं तसं बोलणं मी पुढं कारखान्याच्या युनियनमध्येही ऐकलं नाही. पहिली गोष्ट पटकन ठरली: दूधवाला मेला तर तीन महिने लाईन त्याच्या घराची. इतरांनी पाळीपाळीनं दूध घालायचं, दुधाचा भाव कापून वरचा पैसा घरात द्यायचा. यावर मान डोलवायला कोणाला काही पडलं नव्हतं. मरणाची भीती सगळ्यांना सारखी. दुसरी: पेंडीच्या, वैरणीच्या उधारीत लाईन घ्यायची नाही. उधारी ती उधारी, भातानं फेडा, हप्त्यानं फेडा. इथं तो माणूस उठून बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आला, पण बसला.

खरी अडचण विक्रीवर आली. बाबांचं म्हणणं, लाईन विकायची तर गावातच विकावी. बाहेरच्या तबेल्यांच्या हातात एकेक करून सगळ्या लाईनी गेल्या तर उद्या आमच्या म्हशींच्या दुधाला दारच राहणार नाही, सगळ्यांना सडकेवरच्या गाडीपुढं उभं राहावं लागेल. त्यांनी ते सात वर्षं भोगलं होतं, म्हणून त्यांचा आवाज चढला. तेव्हा खालच्या आळीतला एक जण, दोन मुली लग्नाच्या असलेला, शांतपणे म्हणाला, “दादा, गावात घेनारा कोन? तुम्ही चार जण. तुम्हाला ठावं असंल का मना गावातच इकायची, तर तुम्ही भाव पाडाल. तबेलेवाला दुप्पट देतोय. माजी पोरगी काय तुमचे म्हशींसाठी घरान ठेवू?”

बाबांकडं उत्तर नव्हतं. मी लिहायचं थांबलो. मला आठवतं, कंदिलाच्या काचेवर पाखरू आपटत होतं आणि कोणी ते हाकललं नाही. खूप वेळानं एका म्हाताऱ्यानं तोड काढली: विकणाऱ्यानं आधी गावात सांगावं. पंधरा दिवस थांबावं. बाहेरचा जो भाव देत असेल तोच भाव गावातला कोणी देत असेल तर त्याला पहिली द्यावी. नसेल कोणी, तर सोळाव्या दिवशी कोणालाही विकायला मोकळा. ज्याची मुलगी होती तो म्हणाला, पंधरा दिवस चालतील.

मग भाड्याचा प्रश्न. काही जणांनी म्हशी मोडल्या होत्या, पण लाईन ठेवली होती. ती तबेल्याला लिटरमागं भाड्यानं देऊन ते घरी बसून खायचे. राबणाऱ्यांचा त्यांच्यावर राग. एक जण म्हणाला, ज्याच्याकडं म्हैस नाही त्यानं वर्षाच्या आत लाईन विकलीच पाहिजे. सगळ्यांनी “बराबर” म्हटलं. मी लिहिलंसुद्धा. तेवढ्यात बाबा म्हणाले, “आनि माजी भावजय? तिच्याकडं उद्या म्हशी नाय ऱ्हायल्या तर?” ज्या बाईसाठी सगळा खटाटोप, तिचंच घर त्या नियमाखाली सापडत होतं. तिला लाईन भाड्यानं देण्यावाचून गती नव्हती. मी ती ओळ खोडली. वहीत ती खोडलेली ओळ अजून आहे, आणि तिच्याखाली: विधवा बाईस थोरला मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत मुभा.

शेवटचा नियम बाबांचा स्वतःचा. लाईन विकणाऱ्यानं घेणाऱ्याला घेऊन एक महिना दारोदार फिरायचं. पहिले पंधरा दिवस विकणारा दूध घालील, घेणारा बघेल; पुढचे पंधरा दिवस उलट. कोणाला सकाळी सहाच्या आत हवं, कोणाच्या घरी म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून कडी वाजवायची, कोण पैसे पाच तारखेला देतं आणि कोण पंचविसाला. मागची उधारी विकणाऱ्याची, पुढची घेणाऱ्याची. “गिऱ्हाईक काय गुरू हाय, कासरा हातात दिला का झाला?” असं बाबा म्हणाले.

हे पाळणार नाही त्याचं काय करायचं? पोलीस नाहीत, कोर्ट नाही. पण दूधवाल्याला महिन्यातून दोनदा तरी दूध कमी पडतं. म्हैस आजारी, पाहुणे आले, कॅन लवंडला. तेव्हा दुसऱ्याकडून दोन-चार लिटर उसनं घेऊनच लाईन राखावी लागते. ठरलं असं की नियम मोडणाऱ्याला कोणी उसनं दूध द्यायचं नाही. यावर एकदम शांतता पसरली. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना ही शिक्षा हलकी वाटेल. कोजागिरीच्या दिवशी दहा लिटर कमी पडले तर काय होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मग काकीचा न्याय. सहाशे रुपये काकीनं दोन वर्षांत भातानं फेडावेत, लाईन परत. तो माणूस म्हणाला, “बघू.”

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला बाबांनी मला उठवलं. काकी, बाबा आणि मी. सायकल माझ्या हाती, कॅन दोन्ही घरांच्या दुधानं भरलेले. काकी कधी कॅम्पात गेलेली नव्हती. आम्ही त्या माणसाच्या अर्धा तास आधी पोहोचलो. बाबांनी प्रत्येक दारात कडी वाजवली आणि काकीला पुढं उभं केलं. बोलले काहीच नाहीत. मोडकं हिंदी त्यांना यायचं, पण त्या दिवशी आलं नाही. मीच सांगत होतो. एक म्हातारी काकीकडं बघतच राहिली, मग आत वळून म्हणाली, “खीर वारो आयो,” आणि पातेलं घेऊन आली. दुसऱ्या घरच्या माणसानं साफ सांगितलं, साईं, तुमच्या भावाचं वाईट झालं, पण गेला महिनाभर दूध घट्ट येतंय, मी बदलत नाही. आठवडाभर आम्ही हेच केलं. एकोणतीस घरांपैकी एकवीस परत आली. सव्वीस लिटर. आठ घरं त्या माणसाकडंच राहिली आणि बाबांनी त्यांच्यासाठी पुन्हा कडी वाजवली नाही.

तीन महिने मी कॉलेजच्या आधी लाईन फिरलो. बाबांचं दूध काकीच्या लाईनीत जाऊ लागलं, काकी त्याला गाडीपेक्षा चार पैसे जास्त द्यायची. भाव तिनं ठरवायचा, असं बाबांनीच सांगितलं होतं. पण माझ्या मनातलं ते पहिल्या दिवसाचं गेलं नव्हतं. दोन घरांत, बराकीच्या टोकाला, मी सांगून टाकलं, दूध खरं तर आमचं आहे, आता आमच्याच नावानं येणार. खोटं असं नव्हतं ते. पंधरा दिवसांनी बाबा सहज म्हणून माझ्याबरोबर आले आणि एका बाईनं त्यांना विचारलं, “अब तुम्हारे नाम से कार्ड बनाऊं?” परत येताना अंबरनाथपर्यंत बाबा सायकलच्या मागं चालत राहिले. फाटकाशी थांबून म्हणाले, “उद्या दोनी घरी जा. कार्डावर पोराचा नाव घाल.” पोराचं म्हणजे काकाच्या अकरा वर्षांच्या मुलाचं. मी गेलो. त्या दोन कार्डांवर माझ्याच हातानं चुलतभावाचं नाव लिहिलं.

वहीतले नियम किती वर्षं पाळले गेले? सहा-सात वर्षं नीट. त्या काळात नऊ लाईनी हातबदल झाल्या, त्यांतल्या पाच गावातच राहिल्या. ज्याची मुलगी होती त्यानं विकली ती सोळाव्या दिवशी तबेल्याला, नियमाप्रमाणे. पुढं १९८३ मध्ये आम्ही कल्याण महापालिकेत गेलो, मग काही वर्षांनी बाहेर आलो, तोवर पिशवीचं दूध दारोदार पोहोचलं होतं. पिशवीवाल्याला कडी वाजवावी लागत नाही. बराकी पाडून इमारती झाल्या, जिने आले, काही ठिकाणी लिफ्ट आली, आणि काही गिऱ्हाइकं मुंबईला नाहीतर परदेशी गेली. चुलतभाऊ मोठा झाला, लाईन त्यानं चालवली, पण सव्वीसाची अठरा लिटर झाली. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागलो आणि पहाटे तीनला उठणं विसरलो.

२६ जुलै २००५. मुंबईत त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांनी वाचलं आहे. आमच्याकडं उल्हासला रात्री पूर चढला. चुलतभावाचा गोठा नदीकडं, त्यात सात म्हशी. बाबा पंचाहत्तरीचे. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तेच कोयता घेऊन गोठ्यात शिरले आणि कासरे सोडत बसले नाहीत, कापले. एकेकीच्या पुठ्ठ्यावर थाप मारून अंधारात सोडली. चुलतभाऊ ओरडत होता, दावणीला राहू दे, वाहून जातील. बाबा म्हणाले, “बांधलेली नक्की मरंल. सुटलेली पोहंल.” तिसऱ्या दिवशी चार परत आल्या. त्यांतली मोरी तर आपली आपण येऊन गोठ्याच्या पडक्या भिंतीशी उभी होती, कापलेला कासरा गळ्यात. तीन आल्या नाहीत.

भावानं ठरवलं, पुरे. राहिलेल्या चार विकायच्या, लाईन द्यायची. अंबरनाथच्या बाजूला तबेला असलेला जौनपूरचा एक भैया घ्यायला तयार होता, भावही बरा होता. बाबा म्हणाले, “पंधरा दिवस थांब. गावात सांग.”

भाऊ चिडला. “काका, गावात म्हैस कुनाकडं हाय? अर्धा गाव बिल्डरला दिला. कोन घेनार?”

“पंधरा दिवस म्हंजे पंधरा दिवस.”

थांबला बिचारा. मारुतीच्या देवळात त्यानं खरोखर सांगितलं. तिथं पत्ते खेळणारी चार पोरं होती, त्यांनी मान हलवली आणि डाव पुढं चालू केला. सोळाव्या दिवशी सौदा झाला. मग महिनाभर भाऊ भैयाला घेऊन फिरला, मोटरसायकलवर. त्या वेळी काकीही जिवंत होती. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, मनाही ने. भावानं तिला रिक्षानं नेलं. त्या जुन्या बराकीवाल्या म्हातारीची सून आता चौथ्या मजल्यावर राहत होती. काकीला जिने चढवले नाहीत. ती खाली बसून राहिली आणि वर घंटी वाजल्याचा आवाज ऐकून उठली.

बाबा २००९ मध्ये गेले. २०१५ च्या एप्रिलात माझ्या बहिणीच्या मुलाचा आयर्लंडहून फोन आला. तो तिथं दुधाच्या यंत्रांच्या कामावर आहे. म्हणाला, मामा, इथं मोठी गोष्ट झाली, दुधाचा कोटा गेला. युरोपात १९८४ पासून प्रत्येक शेतकऱ्याला किती दूध घालायचं याचा आकडा ठरलेला होता, जास्त घातलं तर दंड. ३१ मार्चला तो संपला. मी विचारलं, म्हणजे तिथंही लाईन होती? तो हसला. लाईन नाही मामा, सरकारी आकडा. पण विकायचे, भाड्यानंही द्यायचे. आधी तो जमिनीला बांधलेला, जमीन घ्याल तर कोटा मिळेल. पुढं जमिनीवेगळा विकता यायला लागला. काहींनी गाई मोडल्या आणि कोटा भाड्यानं देऊन घरी बसले, त्यांच्यावर राबणाऱ्यांचा राग.

मी त्याला विचारलं, विधवा बायकांचं काय करत होते? त्याला ते ठाऊक नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला. अजून सांगितलेलं नाही.

मी आता कुळगावात पूर्वेला फ्लॅटमध्ये राहतो. दूध पिशवीचं घ्यायचो, पण बायकोला साय लागते. चौकशी केली तर आमच्या इमारतीत दूध घालणारा मुलगा त्याच भैयाचा निघाला. बापाला गुडघे दुखतात, लाईन आता तो बघतो. उल्हासनगरची काही घरं, अंबरनाथची काही, आणि बदलापुरातल्या नव्या इमारती. मी त्याला सांगितलं नाही की त्यातली काही घरं माझ्या आजाची. सांगून काय, त्याच्या भावात तर फरक पडायचा नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी बेल वाजली. दारात तो होता आणि त्याच्या मागं एक अनोळखी पोरगा, सतरा-अठराचा, हातात दांड्याचं माप. मी पातेलं पुढं केलं.

“चाचा, मैंने लाईन इसको दिया,” तो म्हणाला. “अभी एक महीना हम दोनों आएगा. पंद्रह दिन मैं डालेगा, ये देखेगा. फिर ये डालेगा.”

मी त्या पोराला विचारलं, नाव काय तुझं. मग त्याला सांगितलं की आमच्याकडं साडेसहाच्या आत ये, आणि बेल दोनदा वाजव. बायकोला एका कानानं कमी ऐकू येतं.